महेंद्रची टेस्टिंगची खोली

महेंद्र गेला आणि आमच्या सगळ्या टेस्ट पास व्हायला लागल्या.

सगळ्या. आजपर्यंत असं कधीच झालं नव्हतं.

मला काही कळंना झालंय, म्हणून लिहायलेय. मागंपुढं झालं तर समजून घ्या.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. महेंद्र माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि धंद्यातला पार्टनर. कॅनॉलच्या पाण्याची पाळी शेतकऱ्याला कळवणारं ॲप आम्ही दोघं बनवतो. पाणी सुटलं की फोन मोठ्यानं सांगतो. निरोप चुकला तर पाळी जाते आणि उभं पीक वाळतं.

हे ॲप पाणी वाटणाऱ्या संस्थेच्या विंडोज कॉम्प्युटरवर चाललं पाहिजे, जुन्या-नव्या अँड्रॉइडवर चाललं पाहिजे, आयफोनवरही. एकीकडं दुरुस्त केलं की दुसरीकडं बिघडतंय. लय बेजार.

म्हणून महेंद्रनं त्याच्या गावी चुडाव्याला घरच्या एका खोलीत टेस्टिंगचा सेटअप लावला. फळीवर पाव्हण्यारावळ्यांकडून मागून आणलेले फोन, खाली एक कॉम्प्युटर. रोज सकाळी तो कॉम्प्युटर आपोआप एकेक फोनवर ॲप चालवून बघणार. पास झालं की माझ्या लॅपटॉपवर हिरवं, फेल झालं की लाल.

बाजाराच्या दिवशी हमखास लाल. टॉवरवर गर्दी, नेट रांगत चालायचं.

मी म्हणलं, "त्या दिवशीची टेस्ट काढून टाक ना बाबा."

"कामून? बाजारात गेलेल्या माणसाचं पाणी सुटत नाई का?"

असा होता. टेस्ट तशीच राहिली.

पंधरा दिवसांमागं त्याला अटॅक आला आणि तो गेला. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती. अजून डोक्यात शिरत नाही.

आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच रोज हिरवं. बाजाराच्या दिवशीही हिरवं! कोडची एक ओळ मी बदलली नव्हती.

पाणी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. "ताई, सगळं पास हाय म्हणता ना, मग सोमवारी नवं ॲप चालू करा की. लोकं वाट बघायलेत."

हौ म्हणणारच होते. पण 'बघून सांगते' म्हणलं. कशामुळं पास झालं तेच मला माहीत नव्हतं.

आज त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला चुडाव्याला गेले. वंदना झाली, जेवणं झाली. मग त्याच्या खोलीत डोकावले तर फळी रिकामी. कॉम्प्युटर तेवढा चालू.

"मावशी, फोन कुठायत?"

त्याच्या आईनं पेटीकडं बोट केलं. सगळे फोन बंद करून लुगड्यात गुंडाळून ठेवलेले.

आत्ता उलगडा झाला. कॉम्प्युटर रोज फोन शोधायचा, एकही सापडायचा नाही. शून्य फोन, शून्य चुका. म्हणून हिरवं! फोनच नसले तर बोंब मार, असं आम्ही दोघांनीही त्याला कधी सांगितलं नव्हतं.

मी चिडलेच. "अहो मावशी, बंद कामून केले? विचारायचं तरी!"

"काय करू माय? रोज सकाळी एकामागं एक वरडायचे. 'महेंद्र, पाणी सुटलंय, शेतावर या.' मी कुणाला उठवू?"

टेस्टमधला शेतकरी म्हणून त्यानं स्वतःचंच नाव टाकलं होतं. माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

मी तिथंच खाली बसले आणि ढसाढसा रडले.

मग अध्यक्षांना फोन केला. सोमवारी होणार नाही, सगळे फोन लावून पुन्हा तपासल्याशिवाय देणार नाही. ते रागावले. रागावू द्या.

मावशीला म्हणलं, "त्याचं नाव काढते, माझं टाकते. लगेच होतंय."

मावशी लुगड्याच्या घड्या घालत बसल्या. मी लॅपटॉप उघडला.

"नको काढू," त्या म्हणाल्या. "मला रडू येईल म्हणून घरात कुणी त्याचं नावच घेईना झालंय. त्या फोनला तरी घेऊ दे."

नाव तसंच ठेवलं. फोन चार्जिंगला लावले आणि स्टेशनवर आले. गाडीत बसून हे लिहायलेय. मी बरोबर केलं का चूक, खरंच सांगता येत नाही. तुमाला कळत असलं तर सांगा.

महेंद्र, मित्रा, तुला मनापासून आदरांजली. जय भीम.