सवतीचा फोटो

माझी सवत मी लग्न होऊन यायच्या आधीच मेलेली. तरी तिचा जेवढा हेवा मी केला, तेवढा जित्या माणसाचा कधी केला नाही.

आमच्याकडची रीत अशी, की बिजवराशी लग्न लागलेल्या बाईनं गळ्यात सवतीचा टाक बांधायचा. टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. नाक नाही, डोळे नाहीत, बाई आहे एवढंच कळतं. कोडोलीच्या घरात माप ओलांडून आत आले, तशी सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवून तो माझ्या गळ्यात बांधला आणि म्हणाल्या, "नवी साडी आधी हिला दाखवायची, मग नेसायची. सणाचा पयला घास हिचा. न्हाईतर छळती ती."

म्हटलं, मेलेली काय छळणार! पण तिनं छळलं. भूत होऊन नाही, गुणाची होऊन. थोरलीच्या हातचा आमटीचा कट असा, थोरली कधी उलटून बोलली नाही, थोरलीच्या भाकरीला पापुद्रा कसा सुटायचा! अहो, दीड-दोन वर्षं तर नांदली बिचारी. तेवढ्यात तिची एकही भाकरी करपली नसेल? पण मेल्या म्हशीला मणभर दूध. मी मात्र रोज चुलीपुढं, माझी करपलेली सगळ्यांना दिसायची.

ह्या सगळ्यात मालक तिच्याबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. तेच मला जास्त लागायचं. कौतुक केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. एकदा धीर करून विचारलं, "दिसायला कशी हुती?" म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडता सोडता म्हणाले, "हुती की." झालं! फोटो मागितला तर म्हणाले, "न्हाई फोटो." तेही खोटं नव्हतं. नव्या सुनेला नजर लागू नये म्हणून सासूबाईंनी तिची ट्रंक, भांडी, फोटो सगळं तिच्या माहेरी पोचतं केलं होतं. मला एकच जाणून घ्यायचं होतं. ह्या माणसाच्या मनात अजून तीच आहे, की मला थोडी तरी जागा झाली? ते विचारायला तोंड उघडलं नाही, आणि संसार सरला.

मालकांची एक खोड सांगायची राहिली. आमच्या घरात पेपर चुलीत घालायचा नाही. रद्दीत द्यायचा, तोही मालकांनी स्वतः पान न् पान उलटून बघितल्यावर. भावकी हसायची. मी अंगणवाडीत होते, तिथं बायांना छाती फुगवून सांगायचे, "आमचं मालक सरस्वती मानत्यात बाई."

मालक गेले तेव्हा रीतीप्रमाणं मंगळसूत्र उतरवलं. टाक उतरवायचं कुणी सांगितलं नाही. नवरा गेला, सवत गळ्यात राहिली. ती घेऊन मी कोल्हापुरात लेकाकडं राहायला आले.

गेल्या वर्षी नातीच्या ॲडमिशनला जातपडताळणी लागली. लेकाला रजा नाही, म्हणून सून हिंडली. तहसील, ग्रामपंचायत, जुन्या शाळेचे दाखले, मोडी वाचणाऱ्याला गाठून जन्म-मृत्यूच्या नोंदी. वंशावळ तयार झाली, काम झालं, पण बाईला नादच लागला. जेवताना तोंडात खापरपणजोबा! एक दिवस म्हणाली, "आई, थोरल्या आईंची मृत्यूची नोंद सापडली."

थोरल्या आई! माझ्या सुनेची ती आई कधी झाली? म्हटलं, "घातली काय तिला वंशावळीत?"

"मूलबाळ नव्हतं ना, सरकारी वंशावळीत येत नाहीत त्या."

खरं सांगते, बरं वाटलं. निदान एका कागदावर तरी मी एकटी होते. पण सून थांबते कुठली! म्हणाली, लोक वर्षश्राद्धाला पेपरात जाहिरात देतात, तारीख कळलीच आहे, पुढच्या वर्षीचे पेपर बघते वाचनालयात. मी म्हटलं, "मालक आणि जाहिरात? चहाला पैसं सुटायचं न्हाईत त्यांच्या हातनं." आणि दुसऱ्या दिवशी तिच्याआधी चप्पल घालून तयार झाले.

वाचनालयातल्या माणसानं बांधीव गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. पानं पिवळी, धरली की कोपरा हातात. सून एकेक पान उलटत होती, मी खुर्चीच्या टोकावर. एका पानावर तिचा हात थांबला. "आई, बाबांचं नाव."

प्रथम पुण्यस्मरण. खाली शोकाकुल म्हणून मालकांचं नाव. वर चौकटीत ती. फोटो तिच्या माहेरनं मागून आणला असणार. शाई पसरलेली, तरी दिसत होती. भरलेलं कपाळ, एक वेणी पुढं घेतलेली, ओठ घट्ट मिटलेले. सुंदर असती तर सोसलं असतं, म्हटलं असतं रूपावर भाळला बाप्या. साधीच होती हो, माझ्यासारखी. मग माझ्यात काय कमी होतं?

फोटोखाली दोन ओळी. 'तू गेलीस आणि घर सुनं झालं. दिवस सरत नाहीत.'

डोक्यात तिडीक गेली. अहो, त्या तारखेला माझं लग्न होऊन चार महिने झाले होते! सुनं घर? मग त्या घरात पहाटे उठून शेण काढणारी, पाणी भरणारी मी कोण होते? खुंटी? रात्री माझ्या हातचं जेवून त्यांनी हे लिहिलं! मी एवढ्या मोठ्यानं "वा रे वा!" म्हटलं की वाचणारी माणसं वळून बघायला लागली. सून म्हणाली, "आई, हळू. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नसतील बाबा कधी." मी म्हटलं, "तू गप बस गं."

पुन्हा तारीख बघितली. श्रावण होता. आणि मला तो दिवस आठवला.

त्या दिवशी मालक भल्या पहाटे स्टँडवर गेलते. पहिल्या एसटीनं पेपर यायचे. पेपर घेऊन आले, कोनाड्यात नीट घडी घालून ठेवला आणि दूध घालायला डेअरीला गेले. पावसानं लाकडं ओली, चूल धरेना, धुरानं डोळे चुरचुरत होते. सासूबाईंच्या अंघोळीला उशीर झाला म्हणून बोलणी चाललेली. मी कोनाड्यातला पेपर ओढला, पानं चुरगाळली आणि चुलीत सारली. भस्सदिशी पेटली चूल. मालक आले, कोनाड्यात हात घातला, मग चुलीकडं बघितलं. मला वाटलं आता हात उचलतात. एवढंच म्हणाले, "न वाचताच जाळलास व्हय गं?" त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात पेपर चुलीत जायचा बंद झाला.

कसली सरस्वती अन् काय! इतकी वर्षं दर पेपर उलटून बघायचे ते तिच्यासाठी. एकदा गेली, आता कुठल्या पानात पुन्हा असली तर तीही चुलीत जाऊ नये म्हणून. आणि मी येडी अंगणवाडीत मिरवत होते.

मला रडू आलं, ते तिच्यासाठी नव्हे. मी मेल्यावर माझ्यासाठी कुणी असा एका कागदापायी जन्मभर जीव टाकला असता का, ह्याचं आलं. विचारायचं कुणाला? विचारायचा माणूस भिंतीवर हार घालून बसलाय.

सुनेनं मोबाईलवर फोटो काढला, स्टुडिओत नेऊन मोठा केला, चौकट करून आणली. मीच सांगितलं आण म्हणून. रविवारी लेक हातोडी घेऊन मालकांच्या फोटोपाशी उभा राहिला. चौकट मालकांच्या शेजारी टेकवून म्हणाला, "आई, हितं लावू?"

"अजून सरक."

तो सरकला. "आता?"

"अजून एका चौकटीची जागा सोड. आणि मध्ये बी एक खिळा ठोक."

"मध्ये कशाला? त्याला काय लावायचंय?"

"आत्ता काय न्हाई. माझा हाय त्यो."

लेकाचा हात खाली आला. "काय अभद्र बोलतीयास आई!"

"ठोक म्हटलं की ठोक. ती दोघं एवढ्या वर्षांनी भेटल्यात. काय बोलायचं ते माझ्यादेखत बोला म्हणावं."