ताईच्या गाण्यासाठी बांधलेली तार

रेडिओ गाण्यांसाठी आणतात म्हणे. आमच्या मेहकरच्या घरात मात्र त्याच्यातून गाणी कमी आणि किस्से जास्त निघाले. चारचौघांत बोलायची मला लाज वाटते, म्हणून लिहून सांगते.

झालं असं, की लग्न होऊन मुंबईला गेलेली माझी ताई तिथल्या रेडिओवर गाणार होती. सासरच्यांनी तिला लग्नानंतर एकदाही माहेरी पाठवलं नव्हतं. आई म्हणाली, "पोरगी दिसत नाही तं नाही, आवाज तरी ऐकू द्या." तेवढ्यासाठी काकांनी बॅटरीवरचा रेडिओ आणला आणि माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, एरियल बांधायला घेतली. एरियल म्हणजे दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार.

*

काकांनी वाचलं होतं, की तार बांबूला टेकली तर आवाज तिथंच मुरतो; मध्ये चिनी मातीचा तुकडा हवा. आमच्या बाजारात तो कुठला मिळायला! काकांनी काकूच्या चहाच्या कपांचे कान तोडून तारेत ओवले.

संध्याकाळी पाहुणे आले. बोटाला चटका बसला तसे म्हणाले, "कपाले कान नाहीत काय हो, बाई?"

काकू काकांकडे बघत म्हणाली, "या घरात माह्यं कोनी ऐकतच नाही. आता कपबी बहिरे झाले!"

*

वाऱ्यानं ते कानही फुटले. मग काका शेजारच्या मनियारचाचांच्या बांगड्यांच्या दुकानात गेले.

"चाचा, काचेच्या जाड बांगड्या द्या. तारेले पाहिजेत."

"मग घेऊन या ना ताराबाईले इकडं! माप घेतल्याबिगर मी बांगडी देत नसतो."

"ते कशी येईन? दोन बांबूंले बांधून ठेवली हाय!"

चाचा ताडकन उभे राहिले. "तौबा! मी तुमाले शरीफ मानूस समजत होतो!"

*

रेडिओची दुसरी तार जमिनीत पुरावी लागते. तिला इंग्रजीत 'अर्थ' म्हणतात. काका अंगणात खड्डा खणत होते, तेव्हा आजोबांनी विचारलं, "काय करून राह्यला बे?"

"रेडिओले अर्थ देऊन राह्यलो, बाबा."

"आधी स्वतःच्या बोलण्याले दे!"

*

एकदा बातम्या ऐन रंगात असताना एकदम खरखर. काका माळवदावर धावले. तारेवर काकूचं ओलं लुगडं!

"अवं, काढ ते! दिल्ली बंद झाली!"

"दिल्लीले म्हना, वाळू दे!"

*

गाण्याच्या संध्याकाळी वानरांनी तार तोडली. खिडकीतून नुसता हातभर तुकडा लोंबत राहिला. ताईची वेळ झाली आणि रेडिओत फक्त खरखर. काकांनी घाईत तो तुकडा हातात धरला, तर आवाज थोडा उघडला. मग त्यांनी एकेकाला धरायला लावलं. आजोबांनी धरला, शिट्टी वाजली. काकूनं धरला, कोणीतरी गुजरातीत बोललं. आईनं धरला, आणि खोलीत ताई गायला लागली!

आईचे डोळे भरले. पदर घ्यायला तिनं हात काढला, ताई गेली. पुन्हा धरला, ताई आली. पुन्हा पदर, पुन्हा खरखर!

काका ओरडले, "वयनी, रडाचं तं एका हातानं रडा!"

गाणं संपलं. आईची मूठ तारेवर तशीच होती. शेवटी काका हळूच म्हणाले, "वयनी, सोडा आता."

पुढं कापसाचे भाव लागले. इतके स्वच्छ भाव आमच्या घरात कधीच ऐकू आले नव्हते.