सागाखाली शिकलेला 'टेक'

"टेल मी, व्हॉट इज टेक?" साहेबांनी विचारलं आणि दशरथ गप्प. रेस्ट हाऊसमध्ये खुर्चीच्या अगदी टोकाला तो बसला होता, जणू खुर्ची सरकारी म्हणून मोडायची भीती. मी दाराशी उभा.

दशरथ जंगल खात्यात गार्ड होता, म्हणजे जंगलाची राखण करणारा. नोकरी अहेरीत, बायको-लेक दूर कुरखेड्याला. मी अहेरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. कुरखेड्याला फॉरेस्टरची, म्हणजे गार्डच्या वरची, जागा रिकामी झाली होती. ती हवी तर खात्याच्या साहेबांसमोर तोंडी इंग्रजीत पास व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "मास्तर, पोरगी मले पाहुणा समजते." मी फी घेणार नाही, एवढं सांगितलं.

सुरुवात 'टेक'नं केली, कारण साहेबांचा तो आवडता प्रश्न असल्याची खबर होती. हे क्रियापद म्हणजे कचेरीतला चपराशी. ज्याच्या हाताखाली द्याल त्याचं काम करतो. 'टेक' म्हणजे घेणं. 'टेक ऑफ' म्हणजे अंगातलं, पायातलं काढणं. 'टेक आउट' म्हणजे बाहेर काढणं. 'टेक टाइम' म्हणजे वेळ लागणं.

"एका शब्दाले इतकी कामं काऊन?" तो वैतागून विचारायचा. मग मी त्याला आपलं 'लागणं' दाखवलं. भूक लागते, वाट लागते, नजर लागते, वाटेत घर लागतं. तो खूप हसला. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा कोरी. टेबलाशी बसवला की त्याची जीभही बसायची.

एका रविवारी कंटाळून मीच त्याच्याबरोबर जंगलात गेलो. तोडायच्या झाडांवर खूण करायचं त्याचं काम होतं. सागाजवळ आला आणि त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या. खाली काटे, दगड असूनही. मी विचारलं तर म्हणाला, "असंच करतो जी. बाबानं शिकवलं. झाडाले हात लावाच्या आधी पाय उघडे."

"हेच की 'टेक ऑफ'," मी म्हणालो. त्यानं चपलांकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "आय टेक ऑफ." मग पिशवीतून टेप काढताना 'टेक आउट', बुंध्याला गुंडाळताना 'टेक मेजरमेंट'. हात चालू लागले तसं तोंडही चालू लागलं. परतताना तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. मला फार बरं वाटलं.

आणि आता साहेबांसमोर हा पुन्हा टेबलाशी बसून मुका झाला होता.

मी आत गेलो. परीक्षा बाहेर झाडाखाली घेता येईल का, असं विचारलं.

"मास्तर, परीक्षा तुमची आहे की त्याची?"

"दोघांचीही, साहेब."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते उठले. आवारात एक साग होता. दशरथनं तिथे जाऊन नेहमीप्रमाणे चपला काढल्या. "आय टेक ऑफ चप्पल, सर." पुढे टेप, खुणेचा हातोडा, बुंधा, सगळं 'टेक'सकट झालं. बाकीचं व्याकरण वाऱ्यावर होतं, पण अडखळला नाही.

"व्हाय टेक ऑफ चप्पल?" साहेबांनी मध्येच विचारलं.

हे मी शिकवलं नव्हतं. दशरथ बुंध्यावर हात ठेवून म्हणाला, "ट्री ओल्ड, सर. आय कट. फर्स्ट, आय टेक परमिशन."

साहेबांनी त्याच्या उघड्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, व्याकरण कच्चं आहे, तेवढं बघा. आणि दशरथला म्हणाले, "यू पास."

दशरथ कुरखेड्याला गेला. पुढे एकदा बाजारात भेटला, लेक खांद्यावर होती. "आता ओळखते ना?" मी विचारलं. "ओळखते जी," तो म्हणाला. "खालीच उतरत नाई."

तेव्हापासून क्रियापद शिकवायचं झालं की मी आधी वर्गाला उभं करतो. बसल्या बसल्या क्रिया होत नाही, तर क्रियापद कुठून येणार?