करारातली शेवटची ओळ

परदेशात, सँट्रीच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉरचं काळं पिल्लू आलं, ते आमचं नव्हतं. अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेसाठी ते वर्षभर वाढवून परत द्यायचं होतं. करारात ‘पाळीव प्राणी चालणार नाहीत’ असं लिहिलेलं मी वाचलं होतं. पण हा पाळीव नाही, शिकाऊ आहे, असं मनाशी ठरवून मी मोकळी झाले होते.

दुसऱ्या महिन्यात घरमालकाच्या एजंटचं पत्र आलं, कुत्रा हलवा नाहीतर घर सोडा. माझं डोकंच फिरलं. चार ठिकाणी फोन केले. काम करणाऱ्या कुत्र्याचा हक्क सगळ्यांना मान्य होता, शिकाऊ पिल्लाबद्दल मात्र ठाम कुणी बोलेना. म्हणजे शिकून झाल्यावर घर मिळणार, तोवर त्याने शिकायचं कुठे? असं खरमरीत पत्र मी पाठवलं. एजंटने कळवलं, शनिवारी दुपारी येतो, काय शिकलाय ते बघतो आणि मग मालकाशी बोलतो.

शिट्टी वाजल्याशिवाय खाण्याला तोंड लावायचं नाही, हा संस्थेचा पहिला धडा. सकाळ-संध्याकाळ मी शिट्टी वाजवायचे. दुपारचं खाणं मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आईकडे होतं.

शनिवारी एजंटसमोर मी वाटी ठेवली. पिल्लू शहाण्यासारखं बसलं. मी शिट्टी फुंकली. ते हललं नाही. पुन्हा फुंकली. ते स्वयंपाकघरातल्या प्रेसवर, म्हणजे कपाटावर, मांडलेल्या देवांकडे बघत राहिलं. एजंटने वहीत काहीतरी लिहिलं.

“अगं, अजून निवेद कुठं दाखवलाय?” आई चाचरत म्हणाली. “घरात शिट्ट्या मारत्यात व्हय? मी रोज घंटा वाजवूनच वाढते त्याला.”

मला ओरडावंसं वाटलं. पण आईने शांतपणे देवांपुढे वरणभात ठेवला, पाणी फिरवलं, घंटा वाजवली. पिल्लाने वाटीत तोंड घातलं.

मी हे सगळं एजंटला समजावलं. तो हसायला लागला. “भूक लागलीय, वाटी समोर आहे, तरी देवांसाठी थांबला? माझी पोरं माझ्यासाठी थांबत नाहीत. युअर मॅन इज ग्रँड.” म्हणजे इथल्या बोलीत, हा गडी एकदम झकास.

आठवड्याने करारात एक ओळ वाढली, ‘प्रशिक्षणातला सहायक कुत्रा येथे राहू शकेल.’ आईने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

वर्ष सरलं आणि संस्थेची गाडी त्याला घेऊन गेली. मी रस्त्यातच रडले. त्याच्या सवयींच्या फॉर्ममध्ये घंटेचंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

पुढच्याच महिन्यात करार नवा करायचा होता. एजंटने विचारलं, कुत्रा गेला, आता ती ओळ काढू ना? मी मिरजेला आईला व्हिडिओ कॉल लावला.

“काढायची कशाला?” आई म्हणाली. “तू तिकडं जाऊन बारा वर्षं झाली. तुझं नाव मी रेशनकार्डावरनं काढलं का?”

मी एजंटला लिहिलं, ओळ राहू दे.