प्रिमितिवाचा चुन्यो

चुन्योने माझा पालोमो मारला तो मंगळवार होता, पाण्याचा टँकर यायचा दिवस.

मी दोन बादल्या घेऊन रांगेत उभी होते. माझा कुत्रा पालोमो पायाशी ऊन खात पडला होता. तेवढ्यात वरच्या वळणावरून प्रिमितिवा आली. कमरेला दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला तिचा काळा चुन्यो. आम्हाला पाहून ती मागे वळायला गेली, हे मी कबूल करते. पण मागून मालाचा ट्रक येत होता आणि रस्ता एका गाडीपुरताच. चुन्यो ताठ झाला. भुंकला नाही. भुंकणाऱ्या कुत्र्यांची मला कधी भीती वाटली नाही, पण हा कधीच भुंकत नसे. प्रिमी तोंडावर आपटली, दहा-वीस हात फरफटत आली, आणि पालोमोला धड उठताही आलं नाही. चुन्योने त्याला गळ्याशी धरला आणि आपण रिकामं पोतं झटकतो तसा झटकला. मी बादली त्याच्या पाठीत घातली, ती फुटली. टँकरवाल्याने फावड्याचे चार तडाखे दिले तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. पालोमोच्या गळ्यात माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं.

"कोमाद्रे, माफ कर मला," प्रिमी म्हणाली. तिचेही पुढचे दोन दात पडले होते, ओठातून रक्त गळत होतं.

"तुझी माफी घाल त्या सैतानाच्या नरड्यात," मी म्हणाले.

तिच्या लेकीची, न्येवेसची, मी धर्ममाता. म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. त्या दिवसापासून मी ते म्हणायचं बंद केलं.

पोतोसीच्या या डोंगरावर खाणीच्या प्रत्येक तोंडाशी एक दगडी खोपटं आहे आणि प्रत्येक खोपट्यात एक विधवा. नवरा आत गेला आणि बाहेर आलाच नाही, की खाणकामगारांची मंडळी बाईला तोंडाशी बसवतात. तिने हत्यारं सांभाळायची, गाडे सांभाळायचे, कच्चा माल चोरायला येणाऱ्यांना हाकलायचं. बाईच्या हातात गोफण आणि दारात कुत्री. कुत्र्याशिवाय इथे बाई टिकत नाही. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या तोंडाशी एकीच्या कुत्र्यांना चोरांनी विष घातलं आणि मग तिला पहारीने मारलं. ती अजून जिवंत आहे, पण आपलं नाव सांगू शकत नाही.

चुन्यो हे नाव प्रिमीच्या नवऱ्याने ठेवलेलं. चुन्यो म्हणजे थंडीत सुकवलेला बटाटा, काळा आणि सुरकुतलेला. पिल्लाचं तोंड तसंच होतं. नवऱ्याचं नाव लेआंद्रो. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण मग त्याच्याविषयी बोलायला काही उरत नाही. दर रविवारी खाटीकखान्यामागच्या माळावर कुत्र्यांच्या झुंजी लागत. त्यासाठी त्याने हे पिल्लू आणलं, मिरची आणि सुरुंगाची दारू खायला घालून वाढवलं, आणि दुसऱ्या कुत्र्याचा वास आला की पट्ट्याने फोडून काढलं, म्हणजे वास आला की राग यावा. झुंज हरला की घरी येऊन तोच पट्टा बायकोला. जिंकला की दारू पिऊन, आणि पुन्हा बायकोला.

"तो मला मारायचा तेव्हा कुत्रं कोपऱ्यात मुतायचं," प्रिमीने मला एकदा सांगितलं. "आणि कुत्र्याला मारायचा तेव्हा मी."

मग एका बुधवारी खाणीत छत कोसळलं आणि लेआंद्रोचं डोकं त्याखाली सापडलं. प्रिमी रडली नाही. आम्ही तिला म्हणालो, त्याच्याबरोबर त्या कुत्र्यालाही पूर. ती म्हणाली, "त्याला एकच विद्या शिकवली, तीच त्याला येते. मला तरी दुसरी कुठली येते?"

आणि ती त्याच्याबरोबर राहायला लागली. राहायला लागली म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. सगळ्यांची कुत्री मोकळी, हिचा एकटा दोरावर. बाकीच्या बाया सकाळी पाण्याला जात, ही भर दुपारी, कुत्री सावलीला पडलेली असतात तेव्हा. नीट रस्ता सोडून ही मुरुमाच्या ढिगावरून चढायची, कारण उंचावरून कुत्रं आधी दिसतं. दिसलं की ती त्याच्यापुढे उभी राहायची आणि घागऱ्याचा घेर त्याच्या डोक्यावर टाकायची. काही दिसेनासं झालं की तो थरथरत बसायचा. ती आत हात घालून त्याच्या कानामागे खाजवायची, कोकाची पानं चघळायची, आणि समोरचं कुत्रं जाईपर्यंत वाट बघायची. कधी दहा मिनिटं, कधी तास. आम्ही हसायचो. "प्रिमी घागऱ्याखाली दादला लपवून हिंडते," असं मीच पहिल्यांदा म्हणाले होते.

माणसाला तो कधी चावला नव्हता. खरं सांगायचं तर चोराच्या बुटाचा वास घेऊन हा बाजूला झाला असता. पण चोरांना ते माहीत नव्हतं, आणि आम्ही कोणी सांगितलं नाही. त्याने फाडलेल्या कुत्र्यांच्या गोष्टी खाली शहरापर्यंत गेल्या होत्या. प्रिमीच्या दाराशी दोन वर्षांत एकही चोर फिरकला नाही.

पालोमो गेल्यावर मी खाणकामगारांच्या सभेत उभी राहिले. आमच्या भागाचे अध्यक्ष एर्मोहेनेस. मोठं पोट, लहान डोळे, छातीत खाणीची धूळ भरलेली.

"याआधी चार कुत्री झाली, माझं पाचवं," मी म्हणाले. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय. एक तर ते जाईल, नाही तर मी जाते."

एर्मोहेनेस खोकले, थुंकले. "प्रिमितिवा, बळीचा शनिवार होऊ दे. सोमवारी कुत्रं संपव. नाही जमलं तर पोरीला घेऊन खोपटं खाली कर."

"मग दारात कोण?" प्रिमीने विचारलं.

"दुसरं पिल्लू आण की. या डोंगरावर काय कमी आहेत?"

प्रिमीने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

जूनच्या शेवटच्या शनिवारी खाणीच्या तोंडाशी लामांचा, म्हणजे आमच्याकडच्या लांब मानेच्या लोकरी जनावरांचा, बळी देतात. आतला धातू ज्याचा, त्या सैतानाला आम्ही मामा म्हणतो. मामाला रक्त मिळालं की तो वर्षभर माणसं मागत नाही. तीन पांढरे लामा आणले होते, कानात रंगीत लोकर ओवलेले. त्यांना कोका चारला, दारू पाजली, पाय बांधले आणि गळे चिरले. गरम रक्त ताटल्यांत धरून दारावर, गाड्यांवर, रुळांवर फेकलं. मग प्रत्येकाच्या गालाला रक्त लावलं, लेकरांच्या जास्तच, कारण लेकरांना जास्त दिवस काढायचे असतात.

मांस सगळ्यांनी खायचं, पण हाडं, खूर, मुंडकी, आतडी एका खड्ड्यात मामासाठी पुरायची. त्यातलं एक हाड जरी कुत्र्याने नेलं तरी मामा त्याबदली माणूस घेतो. म्हणून खड्डा बुजेपर्यंत एरवी चार पोरं गोफणी घेऊन उभी असतात. त्या वर्षी पोरांनाही दारू मिळाली. गोफणी ढिगावर पडल्या होत्या आणि पोरं नाचत होती.

हाडं खड्ड्यापर्यंत लहान लेकरांनी न्यायची, अशी रीत. न्येवेस सात वर्षांची. गाल, कपाळ, हात रक्ताने माखलेले, आणि कवेत लामाचा अख्खा पाय. डोंगरावरची तीस-चाळीस कुत्री सकाळपासून ढिगाच्या कडेला जिभा काढून बसली होती. आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही, की मांसासारखा वास येणाऱ्या लेकराच्या हातात आपण हाड देतोय आणि ते भुकेल्या टोळीसमोरून पाठवतोय. दर वर्षी असंच करतो आम्ही.

पहिल्या कुत्र्याने खुराला धरलं. न्येवेसने पाय सोडायला हवा होता. पण मामाचं हाड कुत्र्याला द्यायचं नाही हे तिला शिकवलेलं, म्हणून तिने घट्ट धरला. ती पडली, आणि मग सगळीच तिच्यावर तुटून पडली.

मी ओरडले. ढोल इतके जोरात होते की मलाच माझं ओरडणं ऐकू आलं नाही.

चुन्यो खोपट्यात बांधलेला होता. त्याने दाराची फळी फोडली की दोर तोडला, ते मी पाहिलं नाही. धुळीत काळं काही घुसलं एवढं दिसलं. मग कुत्री विव्हळायला लागली. एकाचं पोट उघडं पडून ते स्वतःच्या आतड्यांवरून पळालं. एकाचा जबडा लोंबत होता. एकाला त्याने खड्ड्यात पाडून तिथेच संपवलं, मामाच्या हाडांवर. प्रिमी हातात काही नसताना त्यात शिरली. ती लेकरावर आणि कुत्र्यावर एकदमच आडवी झाली आणि घागरा दोघांवर टाकला. माणसं पहारी घेऊन पोहोचली तेव्हा सहा कुत्री मेली होती आणि बाकीची पळत होती.

न्येवेस जिवंत होती. पोटरी फाटली होती, खांद्यात दात रुतले होते, कान अर्धा लोंबत होता. प्रिमीचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला होता. एर्मोहेनेसच्या ट्रकमधून दोघींना खाली इस्पितळात नेलं.

रविवारी त्या परत आल्या तेव्हा चुन्योच्या गळ्यात कागदी पताका होत्या. एर्मोहेनेसनी त्याच्या पाठीवर दारूचे थेंब शिंपडले, ते रडले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याला मामानेच धाडलं. सोमवारचं विसरा. या कुत्र्याला जो हात लावेल त्याची गाठ माझ्याशी." बायकांनी त्याच्यापुढे उकडलेलं मांस ठेवलं. मीही ठेवलं. माझा पालोमो खाणाऱ्या तोंडापुढे मी स्वतःच्या हाताने मांस ठेवलं आणि प्रिमीला म्हणाले, "कोमाद्रे, मी चुकले."

पट्टीतल्या न्येवेसने चुन्योला मिठी मारली होती. प्रिमी एका हाताने तिला हळूहळू सोडवत होती.

सोमवारी सकाळी ती माझ्या दारात आली.

"सभेत तू म्हणाली होतीस ना, मारायला हवा? मग चल, दोर धर. मला एकच हात आहे."

"वेड लागलंय का तुला? त्याने लेक वाचवली तुझी."

ती उंबऱ्यावर बसली. "त्याला वरचा उजवा सुळा नाही," ती म्हणाली. "लेआंद्रोने पहारीने तोडलेला. न्येवेसच्या खांद्यावर तीन भोकं आहेत, असुंता. चौथं नाही. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला एक दात नसेल. मला ते आधीच माहीत होतं. घागऱ्याखाली मीच त्याचा जबडा उघडला तिच्या खांद्यावरून. उघडला तेव्हा त्याने माझा हात फाडला. तो तिला वाचवायला आला नव्हता गं. त्याला कुत्री दिसली. मग समोर आलेलं सगळंच त्याला कुत्रं होतं."

"मग सांग ना लोकांना," मी म्हणाले. "एर्मोहेनेसला सांग. न्येवेसला सांग."

"न्येवेसला?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तिचा बाप कसा होता ते तिला ठाऊक आहे. मी तेव्हा कोपऱ्यात कशी बसायचे तेही ठाऊक आहे. तिच्यासाठी धावून आलं असं तिच्या जन्मात एवढं एकच आहे. ते मी काढून घेऊ?"

तिने मला पालोमोची शपथ घातली. मेलेल्या कुत्र्याची शपथ, हसू नका. मी ती पाळते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही लांबचे, डोंगरावर कधी येणार नाही.

भर दुपारी आम्ही त्याला जुन्या बंद तोंडाकडे नेलं. वाटेत एकही कुत्रं दिसलं नाही आणि तो खुशीत चालत होता. मी दोर खडकाला दोनदा गुंडाळून धरला. प्रिमीने लेआंद्रोचा घण आणला होता, एका हाताने पेलत नव्हता. पहिला घाव मानेवर पडला. तो ओरडला नाही, तिच्याकडे वळला आणि शेपूट पायांत घालून मुतला. दुसऱ्या घावाला तिने डोळे मिटले, म्हणून तो खांद्यावर गेला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. तिसऱ्याला तिने डोळे उघडे ठेवले. मग ती तिथेच बसून लेआंद्रो मेला तेव्हा रडली नव्हती तेवढी रडली, आणि मी दोर सोडायचं विसरून तशीच उभी राहिले.

संध्याकाळपर्यंत डोंगरभर झालं. एर्मोहेनेस तिच्या दारात थुंकले. बायकांनी टँकरच्या रांगेत तिच्यापुढे-मागे जागा सोडायला सुरुवात केली. न्येवेसने विचारलं, "त्याने मला वाचवलं. तू का मारलंस?"

"कंटाळा आला होता मला त्याचा," प्रिमी म्हणाली.

न्येवेस त्या दिवसापासून आईच्या हातचं खात नाही. ती माझ्याकडे राहते. रात्रीचं पातेलं ढवळताना मी तिच्याकडून तीच गोष्ट ऐकते. दर वेळी चुन्यो थोडा मोठा होतो, कुत्री जास्त होतात, आणि आई कुठेच नसते. माझ्या जिभेवर खरं येतं आणि मी ते गिळते. प्रिमी वर एकटी, दारात कुत्रं नाही. दुसरं पिल्लू तिने आणलं नाही. मागच्या महिन्यात चोरांनी तिला दगडांनी मारलं, दोन बरगड्या गेल्या. तरी दर शनिवारी ती लेकीसाठी बटाटे घेऊन खाली येते.

परवा न्येवेस चुलीशी बसून म्हणाली, "मोठी झाले की मी आईसारखी होणार नाही. चुन्योसारखी होईन."

प्रिमी दारातच उभी होती. तिने बटाट्यांची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली, बरगडीवर हात दाबला आणि वर निघून गेली.