बोलणं थांबलं की लाइन जाते

आमच्या घरचं इंटरनेट मी बोलत असले की धडधाकट चालायचं आणि गप्प बसले की मरायचं. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. वाटू दे बापा. मला त्या खोक्याचे लुकलुकणारे दिवे आठवले तरी शिसारी येते.

देवळीपासून जवळच आमचं गाव. सासरी भाजीपाल्याची शेती. वांगी, मेथी, सांबार, सगळं देवळीच्या बाजारात जातं. सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे. लग्न होऊन आल्यापासून मीही त्या वाफ्यांत वाकलेलीच. बी.ए. झालेली सून निंदण करते म्हणून कोणी माझी आरती ओवाळली नाही आणि मी तशी आशाही धरली नव्हती. पण वाकून वाकून वीट आला होता. अशात पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. ज्यांचा फ्रीज, मिक्सर बिघडला त्यांचे फोन घरबसल्या घ्यायचे, हेडफोन लावून गोड बोलायचं. आधी काही दिवस पारखून पाहणार, टिकले तर कायम करणार. मला ती नोकरी हवी होती. घरात भाकरीला तोटा नव्हता, पण माझं म्हणून काहीच नव्हतं. हे माझं होणार होतं.

केबलवाल्यानं वायर आणली आणि जिथं पहिली भिंत लागली तिथंच, छपरीत, खोकं ठोकून मोकळा झाला. छपरी म्हणजे घरापुढची टिनाखालची जागा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दुपारभर तिथं बसून सांबाराच्या जुड्या बांधतात. मी आतल्या खोलीत, दार-खिडकी लावून, लॅपटॉपपुढे.

ग्राहकाशी बोलणं चालू असलं की लाइन पक्की. फोन संपला, दुसऱ्याची वाट पाहत गप्प बसलं, की थोड्याच वेळात पडद्यावर लाल पट्टी. मी तिथूनच बोंब मारायची, "गेलं! पुन्हा गेलं!" धावत बाहेर येऊन पाहावं तर खोक्याचे दिवे लुकलुकत परत येत असायचे. तेवढ्यात आलेला फोन मात्र हुकलेला असायचा, आणि हुकलेला प्रत्येक फोन माझ्या नावावर पडायचा. वरची साहेबीण म्हणायची, "मॅडम, तुम्ही जागेवर नसता." जागेवर नसता! पायाला मुंग्या येईपर्यंत मी त्या खुर्चीला चिकटलेली असायची. आणि वरून दिवसभर लोकांना सांगायचं काय, तर "सर, एकदा बंद करून चालू करून पाहा." माझंच मला हसू यायचं, मग संताप यायचा.

केबलवाल्याला फोन केला की "येऊन राह्यलो ताई," म्हणायचा आणि यायचा नाही. एकदाचा उगवला तो तोंडात खर्रा, म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी, कोंबून. खोक्याची पिन उपसली, पँटीला पुसली, फुंकर मारली. त्या फुंकरीबरोबर खर्र्याचे तांबडे शिंतोडे खोक्यावर, भिंतीवर, माझ्या हातावर. मग तोंड वर करून, थुंकी सांभाळत, शहाणपण सांगितलं.

"तुमी लाइन वापरत नाई ना ताई, मनून ते झोपते. कायतरी चालू ठेवत जा."

जाताना उंबऱ्याच्या कडेला पिचकारी मारून गेला. ती धुतली कोणी? मीच.

तरी त्याचं ऐकलं. नवऱ्याच्या मोबाइलवर कीर्तन लावून शेजारी ठेवलं, आणि काय सांगू, सगळी दुपार लाइन हलली नाही! म्हटलं, सुटले. पण साहेबीण कडाडली, "मॅडम, मागे टाळ वाजतात." मग कीर्तन तसंच ठेवून नुसता आवाज बंद केला. लाइन मेली. आता सांगा, महाराज तेच, चित्र तेच, नेट तितकंच खातात. आवाज बंद झाला की लाइन तुटते, हे कोणत्या शास्त्रात बसतं? केबलवाला म्हणाला, मोठा प्लॅन घ्या. नवरा खाटेवर लोळत म्हणाला, "अवं, तुह्याच हाताले काई दोष असन." एकेकाच्या तोंडावर ते खोकं फेकून मारावं असं वाटायचं.

अशात साहेबिणीनं बजावलं, आता फोन हुकले तर पुढचं काही सांगता येत नाही. मी रडकुंडीला आले. त्या दुपारी उकाडा असा होता की छपरीकडची खिडकी जराशी उघडली. फोन येत नव्हता. मी गप्प बसून होते. बाहेर मामाजी जुडी बांधता बांधता थांबले. मान तिरपी करून माझ्या खोलीकडे कान दिला. थोडं थांबले, पुन्हा ऐकलं. मग उठले, चिखलाचा हात धोतराला पुसला आणि खोक्याच्या बोर्डाचं बटन खट्कन बंद केलं.

लाल पट्टी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी उठून खिडकीशी गेले. मामाजी बटनावर बोट ठेवून तसेच उभे. कशाची तरी वाट पाहत होते.

"मामाजी!" मी किंचाळले. त्यांनी लगेच बटन चालू केलं.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"काऊन? तू बोलत नवती ना. रिकामी चालू ठेवली तं जळते ना मशीन, मोटरीवानी."

"अन् मंग पुन्हा चालू कायले करता?"

"तू आवाज देते ना, गेलं मनून. तवा देतो चालू करून."

ओलित करताना आमच्याकडे असंच चालतं. एक जण वाफ्यात पाणी फिरवतो, दुसरा विहिरीपाशी बटनाला. शेताच्या त्या टोकाहून हाक आली की चालू, विहीर आटली की बंद. नाहीतर मोटर कोरडी फिरून जळते. तरुणपणी मामाजींच्या हातून एक जळली होती. तेव्हापासून त्यांचा जन्म बटनाशी कान देऊन उभं राहण्यात गेला. इथंही कोणी न सांगता ती ड्यूटी त्यांनी इमानानं सांभाळली होती.

"सांगतलं काऊन नाई मंग?"

"तुमी केबलवाल्याले इच्चारलं. मले कोनं इच्चारलं?"

घ्या! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझा राग त्यांच्यावर टिकेना. पण पुढे ते सहज बोलून गेले, "फोन नाई तं तू रिकामीच बसून रायते ना," ते मात्र काळजात रुतलं.

"मी गप बसली तरी कामावरच रायतो मामाजी," मी म्हटलं. "वाट पाह्यनं बी कामच हाये माहं."

"असं व्हय?" ते खोक्याकडे पाहत राहिले. "मले कोनं सांगतलंच नाई बाई."

मी लगेच साहेबिणीला फोन लावून सगळं सांगितलं. ती खळखळून हसली. मग आवाज साफ करून म्हणाली, "मॅडम, कारण काहीही असो, वरून निर्णय झालाय. तुम्हाला पुढे ठेवता येणार नाही." असं म्हणून पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छाही दिल्या. थू! मामाजींना निदान मोटर जळेल याची काळजी होती. हिला कशाची होती?

दुसऱ्या दिवशी लाइन सकाळपासून एकदाही तुटली नाही. नवरा खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "घे, झालं ना नीट! उगाच बोंबलत होती." तेवढ्यात सासूबाई मेथीनं भरलेली पाटी घेऊन आल्या.

"आता तं रिकामीच हायेस तू," त्या म्हणाल्या. "एवढी निवडून दे."

मी पाटी घेतली आणि नवऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवली. मी खोलीकडे वळले तर मामाजी बोर्डापाशी घुटमळत होते.

"सूनबाई, राहू देऊ का चालू?"

"राहू द्या," मी म्हटलं. "काम हाये माहं."

दार लावलं, आणि एक शब्द न बोलता दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरायला बसले.