पातळ बूट, कोरडा तलाव

माझी उजवी टाच चार वर्षं दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. भिंतीला धरत धरत मोरीपर्यंत पोचले की कळ जरा कमी व्हायची, आणि कॉलेजात चौथ्या तासाला पुन्हा सुरू व्हायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. फळ्यासमोर उभं राहायचं आणि बाकांमधून फिरायचं, हेच काम. शेवटच्या तासाला मी टेबलाला टेकून शिकवायचे.

शिकत असताना मी पंधराशे मीटर धावायचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकदा दुसरी आले होते. हे मी कुणाला सांगत नसे, कारण एक्केचाळिसाव्या वर्षी लंगडत जिना चढणाऱ्या बाईनं तसं सांगितलं की लोक आधी तिच्या पायाकडं बघतात.

ती दुष्काळाची वर्षं होती. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, तरी शहर मात्र वाढतच होतं. शहराच्या कडेला पडेगावला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून बाजरी दिसायची. बघता बघता तिथं चार इमारती उभ्या राहिल्या. आमच्या इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. नळ अजून तिथवर आला नव्हता. टँकर येऊन खालच्या टाकीत पाणी सोडायचा, आणि वीज नसली की ते पाणी बादल्यांनी तिसऱ्या मजल्यावर न्यायला लागायचं. टाचेचं दुखणं बहुतेक त्या बादल्यांनीच वाढवलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, टाचेचं हाड थोडं वाढलंय म्हणाले, इंजेक्शन दिलं आणि मऊ, जाड तळाचे बूट घालायला सांगितले. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, असं बजावलं. मी स्वयंपाकघरातही मऊ चपला घालून वावरायला लागले. इंजेक्शननं तीन महिने बरं वाटलं. मग पुन्हा तेच.

त्याच उन्हाळ्यात गावाकडं, पिशोरला, विहीर आटली आणि सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आयुष्यभर शेतात राबलेल्या, अडुसष्ट वर्षांच्या, काटक. देव्हाऱ्याजवळ माझ्या चपला दिसल्या तशा त्या माझ्या पायांकडं बघायला लागल्या.

"पाय सुजलाय का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आत दुखतं."

"मग आतल्या दुखण्याला भाईरून गादी कशापायी?"



कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं मला सिडकोतल्या एका फिजिओथेरपिस्टकडं धाडलं. नुकताच दवाखाना थाटलेली तरुण मुलगी होती. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवले आणि मला अनवाणी फरशीवर उभं केलं.

"मॅडम, फक्त अंगठा वर उचला. बाकीची बोटं खालीच ठेवा."

मी प्रयत्न केला. पाचही बोटं एकदम उचलली गेली. मी पुन्हा केला. कपाळावर घाम आला, पण अंगठा काही एकटा उठेना. स्वतःच्या पायानं ऐकू नये याची मला इतकी लाज वाटली की मी हसायला लागले.

तीही हसली. "तुमचा पाय मोडलेला नाही," ती म्हणाली, "तो कमजोर झालाय. चार वर्षं त्याला काही कामच दिलेलं नाही. सगळ्यांचं सारखं नसतं, पण तुमचा पाय कामाला लावून बघावासा वाटतो."

तिनं व्यायाम सांगितले: बोटांनी टॉवेल गोळा करायचा, एका पायावर उभं राहायचं, पायरीच्या कडेवर टाच हळूहळू खाली सोडायची. मी निघताना दारात थांबले आणि जे विचारायचं मनात नव्हतं ते विचारलं, "मला पुन्हा धावता येईल का?"

ती लगेच नाही म्हणाली नाही. पातळ तळाचे, पुढून रुंद असलेले बूट असतात, म्हणाली. त्यांना टाचेखाली उंची नसते, मऊ थर नसतो, पायाला स्वतःच काम करावं लागतं. "पण सावकाश. आधी दोन महिने व्यायाम. मग ते बूट घालून रोज दहा मिनिटं चालणं. धावायचं मी सांगेन तेव्हा."

रिक्षात बसून घरी येताना मी चपलेच्या आत बोटं हलवत होते. धावता येणार नाही असं तिनं म्हटलं नव्हतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी मी हॉलमध्ये टॉवेल अंथरून बसले. आत्याबाई समोर ज्वारी निवडत होत्या. मी दात-ओठ खात बोटं वाकवत होते आणि टॉवेल जागचा हलत नव्हता.

"काय करते तू?"

मी सांगितलं. त्यांनी सूप मांडीवर तसंच ठेवून एक पाय पुढं केला, बोटांच्या चिमटीत टॉवेल धरला आणि एका झटक्यात आपल्याकडं ओढून घेतला. मग नुसता अंगठा वर करून दाखवला. त्यांच्या पायाची बोटं हाताच्या बोटांसारखी सुटी सुटी होती.

"हे डॉक्टर शिकवतेत व्हय?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या माझा व्यायाम घ्यायला बसायच्या. पाचव्या आठवड्यात माझा अंगठा एकटा उठला. मी ओरडून ह्यांना हाक मारली. हे कंपनीतून नुकतेच आले होते, हेल्मेट हातात घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, कुणी पडलं.

दोन महिने संपले आणि बूट आले, तेव्हा मी खोका उघडायला संध्याकाळपर्यंत थांबू शकले नाही. दुपारी आत्याबाई झोपल्या होत्या तेव्हा उघडला. बूट इतके हलके होते की खोक्यात काही आहे की नाही याचीच शंका यावी. तळ वहीच्या पुठ्ठ्याएवढा. ह्यांनी संध्याकाळी एक बूट हातात घेतला, त्याची वळकटी केली आणि शर्टाच्या खिशात घालून दाखवली.

"हे बूट आहेत का मोजे?"

"ह्याला तळच नाय," आत्याबाई म्हणाल्या. "अनवाणी चालायचं तर अनवाणी चाल की."

मी ते घालून गच्चीवर गेले. उन्हं उतरली होती, पण सिमेंट अजून तापलेलं होतं आणि ती ऊब तळव्याला कळत होती. दोन फरशांमधली सांध कळत होती. वाळूचा कण पायाखाली आला तो कळला. चार वर्षं मी उशांवर चालत होते, मला जमिनीचं काही कळतच नव्हतं. दहा मिनिटं चालायचं ठरलं होतं, मी अर्धा तास फिरले. खाली येऊन जेवताना टेबलाखाली माझे पाय स्वस्थ बसत नव्हते.

आणि मग मी गाढवपणा केला. चौथ्या दिवशी पहाटे दौलताबाद रस्त्यानं चालायला निघाले. हवा गार होती, वाहनं नव्हती, टाच दुखत नव्हती. मी दहा पावलं धावून बघितली. मग आणखी दहा. मग थांबायचं विसरूनच गेले. पाय जमिनीला हलकेच लागत होते, श्वास जुन्या सवयीनं आपोआप बसला, आणि पुढच्या मिटमिटा गावापर्यंत मी धावत गेले. परत येताना मी एकटीच रस्त्यावर हसत होते.

दुसऱ्या दिवशी मला उभं राहता येईना. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला नवीनच जागा ठणकत होती. नेमका टँकरचा दिवस, आणि वीज गेलेली. ह्यांनी एकट्यानं सगळ्या बादल्या वर आणल्या. ते मला दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

फिजिओथेरपिस्टनं चांगलंच झापलं. "मॅडम, तुम्ही विद्यार्थ्यांना पायऱ्या गाळू देता का?" हाडाला बारीक चीर गेलीय का हे बघायला पुन्हा एक्स-रे झाला. दोन दिवस रिपोर्टची वाट बघताना मला जेवण गोड लागलं नाही. चीर नव्हती. तीन आठवडे धावायचं नाव काढायचं नाही, असा हुकूम झाला. त्यानंतर एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, तेही मऊ जमिनीवर.

मऊ जमीन कुठून आणायची? सगळीकडं खडी आणि डांबर. ते आत्याबाईंनीच सोडवलं. "तळ्यात चल," त्या म्हणाल्या. "कोरडं पडलंय तर पडलंय. माती तरी हाय."

मिटमिट्याच्या पुढं एक पाझर तलाव होता. त्या पावसाळ्यातही त्यात पाण्याचा टिपूस साठला नव्हता. मध्यभागी मोठमोठ्या भेगा, पण कडेनं सपाट, बारीक, दाबलेल्या गाळाची रुंद पट्टी. शेतकरी ट्रॅक्टर लावून गाळ नेत होते. पहिल्यांदा त्या कोरड्या पोटात उतरले तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं. इथं पाणी असायला हवं होतं आणि मी व्यायामाला आले होते. मी तसं म्हटलं.

"तू पळली नाय म्हणून काय पाणी येणारे का?" आत्याबाई म्हणाल्या. "चल, मी मोजते."

घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. बांधावर बसून त्या मोठ्यानं साठपर्यंत मोजायच्या, मग "बस" म्हणून हात वर करायच्या. चालताना एकशेवीस. पहाटे स्कूटरवर मागं बसून त्या माझ्याबरोबर यायच्या, एक दिवसही चुकल्या नाहीत. ट्रॅक्टरवाल्यांची आणि त्यांची ओळख झाली. कुणाच्या रानात किती गाळ पडला, हे त्यांना पाठ होतं.

एकदा एक म्हातारा ट्रॅक्टरवाला गाडी थांबवून बराच वेळ बघत बसला. मी धापा टाकत होते.

"क्या अम्मा," तो म्हणाला, "बेटी कू दौडा दौडा के मारते क्या?"

"बेटी नाय, सून हाय माझी," आत्याबाई म्हणाल्या. "अजून दोन चकरा बाकी हायत तिच्या. तुमी बोलत बसू नका, माझा आकडा चुकतो."

मी हसताना इतकी वाकले की त्या चकरा राहूनच गेल्या.

एक मिनिटाची दोन झाली, दोनाची पाच. हिवाळ्यात मी सलग वीस मिनिटं धावले. आत्याबाईंचं मोजणं बाराशेवर जाऊन पोचलं आणि त्यांचा घसा बसला. त्या दिवशी त्यांनी माझे बूट मागितले. जन्मात त्यांनी बूट घातले नव्हते. पुढून रुंद असल्यामुळं त्यांची पसरलेली बोटं आत बरोबर बसली. लुगडं जरा वर धरून त्या गाळावर शंभरेक पावलं चालल्या, थांबल्या, पुन्हा चालल्या.

"बरे हायत," त्या म्हणाल्या. "काटा लागणार नाय आणि माती बी कळती." बूट काढून देताना त्यांनी ते आपटून त्यांतली माती नीट झाडली.

पुढं एका सकाळी चहाचं आधण ठेवून मी गॅस बारीक केला आणि एकदम थबकले. पलंगापासून ओट्यापर्यंत मी चालत आले होते आणि मला ते कळलंच नव्हतं. भिंत धरली नव्हती. मी परत जाऊन पलंगावर बसले, पुन्हा उतरले, पुन्हा ओट्यापर्यंत आले. असं तीनदा केलं. टाच अगदी बरी झाली नव्हती. परीक्षेत तीन तास उभं राहिलं की अजूनही ती बोलते. पण सकाळ माझी मला परत मिळाली होती.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तलाव काठोकाठ भरला आणि माझी धावायची पट्टी पाण्याखाली गेली. आम्ही दोघी बांधावर उभ्या राहून ते पाणी बघत होतो. आत्याबाई इतक्या खूष होत्या की मला पट्टीचं दुःख सांगायची हिंमत झाली नाही. पिशोरच्या विहिरीलाही पाणी आलं होतं. आठवड्याभरात त्या जाणार होत्या.

त्या जायच्या आधीच्या रविवारी मी घरापासून दौलताबादपर्यंत धावायचं ठरवलं. फिजिओथेरपिस्टला आधी विचारलं. ती म्हणाली, मधेमधे चाला आणि दुखलं की थांबा. हे आणि आत्याबाई स्कूटरवर पुढं गेले. शरणापूर फाट्यानंतर पोटऱ्या जड झाल्या, तिथं मी थोडी चालले. मग किल्ल्याचा डोंगर समोर दिसला आणि मी पुन्हा धावायला लागले. रस्त्याकडेला झाडं धुतल्यासारखी हिरवी होती. एसटीतल्या बाया खिडकीतून वळून वळून बघत होत्या. शेवटचं वळण मी इतक्या जोरात घेतलं की किल्ल्यापाशी मला थांबताच येईना, पुढच्या पेरूवाल्यापर्यंत गेले.

हे फोटो काढायच्या नादात होते आणि फोटोत त्यांचंच बोट आलं. आत्याबाईंनी माझा हात धरून मला कट्ट्यावर बसवलं.

"दुखतं का?"

"थोडं दुखतंय."

"किती थोडं?"

मी टाच दाबून बघितली, नीट विचार केला. "उद्या कॉलेजला जाता येईल इतकं."

त्यांनी मीठ लावलेला पेरू माझ्या हातात दिला. परत येताना हे स्कूटरवर आले, त्या आणि मी काळीपिवळी जीपनं आलो. मी खिडकीला डोकं टेकून पडेगावपर्यंत झोपले, आणि उतरताना त्यांनीच मला हलवून जागं केलं.